वनौषधींचा जंतुनाशक गुण : गोठ्यांतील अनुभव व शास्त्राचा निर्वाळा

हळद, लसूण, कडुनिंब, कोरफड व अडुळसा हीं पांच नांवें ज्याच्या घरांत उच्चारलीं जात नाहींत, असा शेतकरी आपल्याकडे क्वचितच आढळेल. बैलाचा खांदा सोलला कीं हळद व तेल, जखमेवर माशा घोंगावूं लागल्या कीं निंबाचें तेल, घरांत कोणास खोकला झाला कीं अडुळशाचा रस, ही परंपरा आजे-पणजांपासून चालत आली आहे. अलीकडे या वनस्पतींविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, हा सर्व अडाणीपणा असून बाटलींतील औषधावांचून गति नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, आमच्या परसांत सर्व कांहीं आहे. बाटलींतील औषध म्हणजे केवळ विष. दोन्ही मतें मोठीं सोयीचीं आहेत, कारण दोहोंतही विचार करण्याचे श्रम वांचतात. परंतु दुभतें जनावर हें कोणत्याही पक्षाचें नसतें. चुकीच्या मताची किंमत तें आपल्या कासेनें मोजतें, आणि धन्यास ती दुधाच्या मापांत मोजावी लागते.

प्रस्तुत लेखकाच्या गोठ्यांत कांहीं वर्षांपूर्वीं पहिल्या वेताची एक गाय दगडीनें, म्हणजे कासदाहानें, आजारी पडली. सकाळच्या धारेस एका सडांतून दुधाऐवजीं गुठळ्या आल्या, आणि तो भाग हातास गरम व घट्ट लागला. घरच्या रीतीप्रमाणें हळदीचा लेप सुरू केला. लेप चार दिवस चालला. गाईचा ताप पाहिला नाहीं, तिनें वैरण किती टाकली हेंही पाहिलें नाहीं; लेपावर विश्वास होता. पांचव्या दिवशीं गुरांच्या डॉक्टरांस बोलाविलें, तेव्हां उशीर झाला होता. जनावर वांचलें, पण तो सड कायमचा गेला. पुढच्याच वर्षीं शेजारच्या गोठ्यांत एका गाईस तशीच सूज आली, तसाच लेप लाविला, आणि ती तीन दिवसांत बरी झाली. लेप एकच, निकाल मात्र दोन. यांत हळदीचा गुण किती, दोष किती आणि दैवाचा भाग किती, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत घर करून राहिला. त्याच्या उत्तरासाठीं जो अभ्यास घडला, त्याचें सार पुढें दिलें आहे.

जंतु मरणें आणि रोगी बरा होणें

एखाद्या वनस्पतीनें रोगजंतु मरतात कीं नाहीं, हें पाहण्याची प्रयोगशाळेंतील सोपी रीति अशी आहे. कांचेच्या उथळ बशींत समुद्रशेवाळापासून केलेला, खरवसासारखा थिजणारा पोषक गर ओततात. त्यावर जंतु पसरतात आणि वनस्पतीच्या अर्कांत भिजविलेली कागदाची एक टिकली मध्यें ठेवतात. बशी एक दिवस उबेंत राहिली म्हणजे तिच्यावर जंतूंची साय धरते. परंतु अर्कांत गुण असेल तर टिकलीभोंवतीं एक स्वच्छ वर्तुळ शिल्लक राहतें. वर्तुळ जितकें मोठें, तितका अर्क त्या बशींत प्रभावी.

"अमुक पानांनीं जंतु मरतात" असें जें वारंवार छापून येतें, तें बहुधा या वर्तुळाच्या आधारें असतें. तें खोटें नसतें, पण अपुरें असतें. मिठाचें तीव्र पाणी, शिरका आणि चुन्याची निवळी यांनींही बशींतील जंतु मरतात. म्हणून कोणी चुन्याची निवळी जनावराच्या शिरेंत टोंचीत नाहीं. बशी आणि शरीर यांमध्यें मोठें अंतर आहे. तें ओलांडण्यापूर्वीं प्रत्येक औषधास, मग तें परसांतील असो वा कारखान्यांतील असो, चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : गुण दिसण्यास औषध किती तीव्र असावें लागतें, आणि तेवढी तीव्रता शरीरांत मिळूं शकते काय? दुसरा : जंतु जेथें दडले आहेत तेथपर्यंत तें पोंचतें काय, आणि तेथें पुरेसा वेळ टिकतें काय? तिसरा : जंतूंस मारतांना तें जनावराच्या शरीरास अपाय करतें काय? चौथा : औषध दिलें नसतें तरीही जनावर बरें झालें असतें काय? हा चौथा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो. सौम्य रोग पुष्कळदां आपोआप बरे होतात, आणि त्यांचें श्रेय जें औषध त्या वेळीं हातीं असेल त्यास मिळतें.

लसूण : ठेंचल्यावर जागा होणारा गुण

लसणीची अखंड पाकळी हुंगून पाहावी. तिला फारसा वास नसतो. तीच ठेंचली कीं उग्र वास उसळतो. जंतुनाशक गुणाचें रहस्य या वासांतच आहे. पाकळींत अ‍ॅलीन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य एका ठिकाणीं असतें, आणि त्यावर क्रिया करणारें विकर निराळ्या कप्प्यांत असतें. पाकळी ठेंचली म्हणजे मधले पडदे फुटतात, दोघांची गांठ पडते आणि कांहीं सेकंदांत अ‍ॅलिसीन नांवाचें नवें द्रव्य तयार होतें. इ. स. १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली या संशोधकांनीं तें निराळें काढून त्याची जंतुनाशक शक्ति दाखवून दिली. जंतूंच्या जीवनक्रियेस अवश्य असणाऱ्या गंधकयुक्त घटकांशीं तें जखडून बसतें, आणि जंतूचा व्यवहार बंद पडतो.

या कृतींतून दोन व्यवहारोपयोगी गोष्टी निघतात. एक, उष्णतेनें तें विकर निकामी होतें. म्हणून फोडणींत अखंड टाकलेल्या पाकळींत चव असली तरी हा गुण जवळजवळ नसतो. दुसरी, जो स्वभाव अ‍ॅलिसीनास जंतुनाशक करतो, तोच त्याचा घातही करतो. गंधकयुक्त घटक जंतूंतच असतात असें नाहीं. ते रक्तांतही विपुल आहेत. त्यामुळें खाल्लेल्या लसणींतील अ‍ॅलिसीन रक्तांतून तसेंच्या तसें फिरून दूरच्या रोगस्थानीं पोंचत नाहीं. बशींतील मोठें वर्तुळ शरीरांत लहान कां होतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे. शिवाय कच्च्या लसणीचा लगदा कातडीवर बांधून ठेविल्यास भाजल्यासारखे फोड येतात. कासेच्या कोंवळ्या कातडीस तो कधींही लावूं नये. आणि दुभत्या गाईस लसूण चारल्यास दुधास वास येतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

काढा कीं रस?

औषधी वनस्पति कोणती, इतकेंच पुरेसें नाहीं. ती कशी तयार केली, यावरही गुण अवलंबून असतो. याचें जगप्रसिद्ध उदाहरण चीन देशांतील आहे. तेथें हिंवतापावर दवण्याच्या जातीचें एक झुडूप प्राचीन काळापासून वापरांत होतें. इ. स. १९७० नंतरच्या वर्षांत तू यूयू या संशोधिकेनें त्याची परीक्षा आरंभिली, तेव्हां अर्कांचे निकाल एकसारखे येईनात. चौथ्या शतकांतील गे होंग या वैद्याच्या ग्रंथांत तें झुडूप पाण्यांत भिजवून पिळून रस घेण्यास सांगितलें होतें, उकळण्यास नव्हे. उकळण्यानें गुण नष्ट होत असावा असें ताडून तिनें कमी उष्णतेवर ईथरनें अर्क काढला, आणि त्यांतून आर्टेमिसिनीन हें औषध जगास मिळालें. इ. स. २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या कथेचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे अभिमानानें सांगितला जातो. दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. त्या झुडुपाचा चहा करून पिणें हा हिंवतापावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटना मान्य करीत नाहीं, कारण त्यांतील द्रव्याचें प्रमाण प्रत्येक वेळीं निराळें असतें. कमी मात्रेनें कांहीं जंतु मरतात, आणि जे उरतात ते अधिक चिवट असतात. खुद्द शुद्ध आर्टेमिसिनीनासही दाद न देणारे हिंवतापाचे जंतु आग्नेय आशियांत आढळले आहेत. म्हणून तें औषध आतां दुसऱ्या औषधाच्या जोडीनेंच देतात. वनस्पतींतून आलेलें म्हणून कोणतेंही औषध या नियमांतून सुटत नाहीं.

हळद : कीर्ति आणि कसोटी

सांगलीच्या पेठेंत जिच्या राशी पडतात, त्या हळदींतील पिंवळें द्रव्य म्हणजे करक्युमीन. सुक्या हळकुंडांत तें शेंकडा ३ ते ५ च्या सुमारास असतें. बशींत त्याचा जंतूंवर परिणाम दिसतो, हें खरें. परंतु तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, पोटांत घेतल्यास रक्तांत फार थोडें उतरतें, आणि शरीरांतील द्रवाइतक्या सौम्य अल्क पाण्यांतही लवकर मोडतें. इ. स. २०१७ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं करक्युमीनावरील संशोधनाचा कठोर आढावा घेऊन असेंही दाखविलें कीं, त्याच्या पिंवळ्या रंगामुळें व चंचल स्वभावामुळें प्रयोगशाळेंतील कित्येक चाचण्यांत नसलेला गुण असल्याचा भास होतो.

याचा एक भाग वाचकांस घरींच पाहतां येईल. हळदीच्या पाण्यांत चिमूटभर चुना घालावा. लागलीच कुंकवाचा रंग येतो. चुन्याच्या अल्कगुणानें करक्युमिनाचें रूप पालटल्याची ती खूण आहे. त्यांत लगेच लिंबू पिळल्यास पिंवळेपणा परततो; परंतु बराच वेळ तसेंच राहूं दिल्यास रंग मळतो व पूर्ववत् होत नाहीं, कारण तोंवर मूळ द्रव्य मोडूं लागलेलें असतें.

हळदीच्या एकस्वाची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. जखम भरून आणण्यासाठीं हळदीचा उपयोग करण्याचें एकस्व अमेरिकेंत इ. स. १९९५ सालीं दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, आणि इ. स. १९९७ सालीं तें रद्द झालें. हा विजय मोठाच होता. परंतु त्यानें काय सिद्ध झालें हें नीट समजून घेतलें पाहिजे. हा उपयोग नवा नसून भारतांत पूर्वापार ठाऊक होता, एवढेंच त्यानें सिद्ध झालें. तो उपाय किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्या दाव्यांत निवाड्यास नव्हताच. जुनेपणा हा हक्काचा पुरावा आहे, गुणाचा नव्हे.

वरवरच्या स्वच्छ खरचटण्यावर हळद लावण्यास हरकत नाहीं. परंतु खिळा, कुसळ किंवा फाळ खोल शिरून झालेल्या जखमेंत हळद दाबून भरणें घातक आहे. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत सुप्तावस्थेंत असतात, आणि हवा न पोंचणारी बंद जखम त्यांस मानवते. अशी जखम भरपूर स्वच्छ पाण्यानें धुवावी, तोंड मोकळें ठेवावें, आणि माणसास असो वा बैलास असो, धनुर्वातप्रतिबंधक उपायासाठीं डॉक्टरांकडे जावें. बाजारी हळदपूड वापरतांना आणखी एक धोका आहे. रंग खुलविण्यासाठीं कांहीं ठिकाणीं तींत शिशाचें क्रोमेट मिसळल्याचें उघडकीस आलें आहे. ज्याच्या शेतांत हळद पिकते त्यानें स्वतःचें हळकुंड दळून घ्यावें, हेंच उत्तम.

कडुनिंब व अडुळसा : गुण आहे, पण कोणता?

कडुनिंबाचें मुख्य बळ कीटकांवर आहे. त्याच्या बियांतील अ‍ॅझॅडिरॅक्टीन या द्रव्यानें किडीची भूक मरते व तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. बुरशीवरही निंबाच्या तेलाचा परिणाम होतो. त्यावर युरोपांत घेतलेलें एकस्वही इ. स. २००० सालीं रद्द झालें, आणि इ. स. २००५ सालीं अपिलांत तो निकाल कायम राहिला. जखमेच्या कडेनें निंबाचें तेल लाविल्यास माशा बसत नाहींत व किडे पडण्याचें टळतें, हा अनुभव या गुणाशीं जुळतो. परंतु माशी दूर ठेवणें आणि जखमेच्या आंतील जंतु मारणें हीं दोन कामें निराळीं आहेत. निंबाचें तेल लहान मुलांस कधींही पाजूं नये. त्यानें मेंदूवर व यकृतावर परिणाम होऊन मुलें दगावल्याची नोंद आहे.

अडुळशाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. खोकल्यावर त्याचा उपयोग होतो, म्हणून तो जंतुनाशकच असला पाहिजे असा आपला समज. वस्तुतः त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर पुढें ब्रोम्हेक्सीन हें औषध तयार झालें. आणि त्याचें काम जंतु मारणें हें नसून छातींतील कफ पातळ करणें हें आहे. वनस्पति उपयोगी असली म्हणजे ती जंतुनाशक असलीच पाहिजे असें नाहीं.

दारुहळद आणि कडूकवठ : जोडीचें बळ

आतां या विषयांतील सर्वांत मनोरंजक प्रकरण. दारुहळदीचा आणि आपल्या हळदीचा संबंध केवळ रंगाचा आहे. ती हिमालयाच्या बाजूस होणारी कांटेरी झुडुपाची जात. तिच्या मुळांत बर्बेरीन नांवाचें कडू पिंवळें द्रव्य असतें, आणि तिच्यापासून केलेलें रसांजन वैद्य पूर्वापार वापरतात. शुद्ध बर्बेरीन मात्र पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर फारसें चालत नाहीं. याचें कारण असें कीं, या जंतूच्या कवचांत सूक्ष्म पंप असतात. आंत शिरलेलें विष ते तत्काळ बाहेर उपसून टाकतात, जसें विहिरींतील पाणी मोट उपसते.

मग त्या वनस्पतीचा गुण कशांत? इ. स. २००० सालीं अमेरिकेंतील स्टर्मिट्झ व लुईस यांच्या मंडळीस असें आढळलें कीं, बर्बेरीन ज्या झुडुपांत असतें त्यांच्या कांहीं जातींत दुसरेंही एक द्रव्य असतें. तें एकटें जंतूचें कांहींच वांकडें करीत नाहीं; पण तें त्या पंपांस गुतवून ठेवतें. पंप थांबला कीं बर्बेरीन आंत साठतें व जंतु मरतो. या द्रव्याच्या नांवांत "हायड्नोकार्पीन" हा शब्द आहे, कारण पूर्वीं तें चालमोगऱ्याच्या तेलांत अल्प प्रमाणांत सांपडलें होतें. त्याच जातीचें झाड आपल्या सह्याद्रींत व कोंकणांत कडूकवठ या नांवानें ओळखलें जातें, आणि त्याच्या बियांचें तेल महारोगावर शतकानुशतकें वापरलें गेलें.

त्या तेलाचा इतिहासही विसरण्याजोगा नाहीं. इ. स. १८५४ सालीं कलकत्त्याच्या डॉ. मोॲट यांनीं त्याची ओळख पाश्चात्य वैद्यकास करून दिली. तें पोटांत घेतलें तर ओकारी येई, टोंचलें तर गांठी धरत. हवाई बेटांत अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें इ. स. १९१५-१६ च्या सुमारास त्यापासून टोंचतां येईल असें औषध तयार केलें, आणि लागलीच वयाच्या चोविसाव्या वर्षीं तिचा अंत झाला. हें औषध कित्येक वर्षें वापरांत होतें. इ. स. १९४० नंतर सल्फोन जातीचीं औषधें आलीं आणि तेल मागें पडलें. पुढें एकट्या डॅप्सोनास जंतु दाद देईनात, म्हणून इ. स. १९८२ पासून अनेक औषधांची एकत्र योजना रूढ झाली. जुनें तेल टाकाऊ नव्हतें. परंतु अधिक चांगलें मिळाल्यावर तें बाजूस ठेवण्यांतच रोग्याचें हित होतें.

बाटलींतील औषधाचा दुरुपयोग

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, वनस्पतींत इतक्या अडचणी आहेत तर सरळ प्रतिजैविक औषधाची सुई टोंचावी. तो मार्गही बिनधोक नाहीं. पेनिसिलीनाचा शोध लावणारे फ्लेमिंग यांनीं इ. स. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना दिलेल्या व्याख्यानांतच इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतात. आज तो इशारा खरा ठरला आहे. दुकानांतून औषध आणून दोन दिवस टोंचणें, जनावर उठून उभें राहिलें कीं थांबणें, आणि उरलेली बाटली पुढच्या वेळेसाठीं फळीवर ठेवणें, ही रीति म्हणजे निर्ढावलेल्या जंतूंची पैदास होय. ते जंतु गोठ्यांत राहत नाहींत. शेणांतून, हातांतून व दुधांतून ते घरांत येतात. कोलिस्टीन हें माणसाच्या दुर्धर जंतुरोगांत अखेरचा आधार म्हणून राखावयाचें औषध जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत पडूं लागलें, तेव्हां भारत सरकारनें इ. स. २०१९ च्या जुलै महिन्यांत अन्नोत्पादक प्राण्यांसाठीं त्याची विक्री बंद केली.

दुसरी गोष्ट दुधाची. औषध दिलेल्या गाईच्या दुधांत तें कांहीं दिवस उतरतें. अशा दुधास विरजण नीट लागत नाहीं, कारण विरजणाचे जंतुही त्यानें मरतात. बाटलीवर जितके दिवस लिहिलेले असतील तितके दिवस तें दूध डेअरींत घालूं नये व मुलांसही देऊं नये. ज्या ठिकाणीं घरगुती उपायानें काम खरोखर भागतें, तेथें हा तोटा व हा धोका दोन्ही टळतात. वनौषधींच्या परीक्षेंत शेतकऱ्याचा खरा स्वार्थ येथें आहे.

दगडीवरील लेप : काय मानावें?

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें कासदाहावर एक लेप प्रसृत केला आहे. कोरफडीचें पान २५० ग्रॅम, हळदीची पूड ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून तो करतात. चुना विड्यास लावण्याचा भिजवलेला असावा. कळीचा चुना घातल्यास कातडी भाजेल. कास धुवून, सडांतील सर्व दूध काढून टाकून, लेपाचा थोडा भाग पाण्यांत पातळ करून तो संपूर्ण कासेस लावावयाचा; असें दिवसांतून अनेक वेळां, पांच दिवस. लेप रोज ताजा करावयाचा.

आतां आपले चार प्रश्न या लेपास लावूं. वाटतांच तो कुंकवासारखा लाल होतो. अर्थात् हळदीवर चुन्याची क्रिया होते. लेप कातडीवर असतो, आणि जंतु सडाच्या नळींतून आंत गेलेले असतात; तेथपर्यंत हळद पोंचून त्यांस मारीत असेल, असें मानण्यास आधार थोडा आहे. मग गुण येतो तो कशानें? पुनःपुन्हा कास धुण्यानें व सड रिकामा करण्यानें जंतु व त्यांचें विष बाहेर पडतें. कोरफडीच्या गरानें थंडावा येतो. सूज उतरण्यास मदत होते. आणि सौम्य रोग आपोआपही बरा होतो. यांपैकीं कोणाचा वांटा किती, हें गोठ्यांत बसून सांगतां येणार नाहीं. पण एक गोष्ट निश्चित आहे : प्रस्तुत लेखकानें लेप लाविला होता, परंतु दर वेळीं सड पूर्ण पिळून काढला नव्हता. शेजाऱ्यानें तें केलें होतें. दोन निकालांतील सर्व अंतर यानेंच पडलें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. कारण दोन्ही गाईंच्या कासेंत कोणते जंतु होते, हें कोणीच तपासलें नव्हतें.

व्यवहारांत काय करावें

रोज पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या ताटलींत काढाव्या. गुठळी असेल तर लागलीच दिसते. कपडे धुण्याची पूड पाण्यांत शेंकडा ३ प्रमाणांत विरघळवून तेवढेंच दूध तींत मिसळावें. मिश्रण बुळबुळीत व घट्ट झालें तर कासेंत रोग दडला आहे असें समजावें. धार काढल्यावर गाईपुढें वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी, कारण सडाचें तोंड तोंवर पुरतें मिटलेलें नसतें. आजारी गाईची धार सर्वांत शेवटीं काढावी. सडांत काडी, सळई किंवा कोणताही पाला कधींही घालूं नये. बाहेरचे जंतु आंत नेण्याचा तो हमखास मार्ग आहे.

गाय वैरण खात असेल, ताप नसेल, आणि दोष केवळ गुठळ्या व थोडी सूज इतकाच असेल, तर लेप व वारंवार सड पिळणें हा उपाय एक दिवस करून पाहण्यास हरकत नाहीं. परंतु ताप १०३ अंशांवर गेला, वैरण सुटली, दूध पाण्यासारखें किंवा रक्तमिश्रित झालें, कास थंड वा निळसर पडली, किंवा गाय बसून राहिली, तर क्षणाचाही विलंब न करितां डॉक्टर बोलवावे. कांहीं जंतूंच्या विषानें गाय एक-दोन दिवसांत दगावते. एका दिवसांत उतार न पडल्यासही तसेंच करावें. डॉक्टर येण्यापूर्वीं दुधाचा नमुना स्वच्छ बाटलींत घेऊन ठेवला, तर कोणत्या औषधानें ते जंतु मरतील हें प्रयोगशाळेंत पाहतां येतें. औषध जितके दिवस सांगितलें असेल तितके दिवस पुरें करावें.

शेवटीं एक विनंती. प्रत्येक गांवच्या मंडळीनें गोठ्यांत एक साधी वही ठेवावी. आजाराची तारीख, कोणता सड, ताप किती, काय उपाय केला, सड किती वेळां पिळला, किती दिवसांनीं दूध स्वच्छ झालें, आणि पुढें त्या सडाचें दूध पूर्वीइतकें राहिलें कीं घटलें, एवढेंच लिहावें. गुण आला त्या गाई लिहाव्या आणि न आला त्याही लिहाव्या. न आलेल्यांची नोंद अधिक मोलाची आहे. आपल्या पूर्वजांनीं ही विद्या पाहून, करून व लक्षांत ठेवून मिळविली. तिचा मान राखावयाचा तर तिच्यावर केवळ विश्वास ठेवून भागणार नाहीं. त्यांनीं केलें तेंच, म्हणजे डोळे उघडे ठेवून पाहणें, आपणांसही केलें पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या गोठ्यांतील ती गाय अजून आहे. ती तीन सडांवर दूध देते, आणि रोज सकाळीं हा धडा पुन्हा शिकविते.